वरचं नाव

लॉन्ड्रीत तिला सगळे मुकादमीण म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे, कारण ते नाव तिला आवडायचं. शहरातल्या बऱ्याच हॉटेलांच्या चादरी तिच्या टेबलावरून जात. तापलेल्या रोलरमधून चादर बाहेर आली की दोघीजणी दोन टोकं धरून झटका देत, घडी घालत, आणि मुकादमीण त्या घडीवरून तळवा फिरवी. सुरकुती लागली की चादर परत. ओरडणं नाही, बोलणं नाही, नुसती परत.

रागाचंही तिचं तसंच होतं. माल नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं एकदा तिला 'ए म्हातारे, सरक' म्हटलं होतं. ती सरकली. काही वर्षांनी तोच ड्रायव्हर आपल्या लग्नाचा सूट घेऊन आला आणि 'ताई, तेवढी इस्त्री मारून द्या ना' म्हणाला, तेव्हा तिनं गोड हसून सांगितलं, "आमच्याकडे फक्त चादरी होतात रे." माफ करणं हा प्रकार तिला ऐकून माहीत होता. कुणाला जमत असेल तर तिची हरकत नव्हती.

पण ड्रायव्हरवगैरे किरकोळ. तिचा खरा राग घरातच राहत होता, तिच्याच ताटाशेजारी जेवत होता.

नवरा सोफ्यांच्या दुकानात विक्रेता. लॉन्ड्रीतल्या बायकांनी त्याचं नाव गप्पीदास ठेवलं होतं. माणूस तसा वाईट नाही, हे तीही कबूल करायची. दारू नाही, हात उगारणं नाही. पण दोन खोडी होत्या. एक म्हणजे कुठंही गेला की सगळ्यांच्या आधी आत शिरायचा. लिफ्टचं दार उघडलं की हा आत, जेवणाचं टेबल मांडलं की पहिली ताटली याची. दुसरी खोड म्हणजे गोष्ट सांगताना तिला तिखटमीठ लावायचा. दुकानात त्याच खोडीवर त्याचं पोट चालत होतं, घरी तिनंच बायकोचं काळीज पोखरलं होतं.

झालं होतं ते असं. वीसेक वर्षांमागे एका सकाळी तिच्या बाबांच्या शेजाऱ्याचा फोन आला. बाबा दुसऱ्या शहरात एकटे राहत. आई आधीच गेलेली, भाऊबहीण कुणी नाही. "पडलेत, बेशुद्ध आहेत, लवकर या," शेजारी म्हणाला. नवऱ्यानं धावपळ करून तिकिटं काढली, पण जागा मिळाल्या त्या संध्याकाळच्या विमानात. तेव्हा त्यालाच कुणीतरी सांगितलं की संध्याकाळचं तिकीट हातात ठेवून त्याच दिवशीच्या आधीच्या विमानासाठी नाव लावता येतं. कुणी आलं नाही आणि जागा उरली तर यादीतल्या वरच्या माणसाला घेतात, नाहीतर आपलं संध्याकाळचं आहेच. स्टँडबाय म्हणतात त्याला. दोघं जाऊन बसली. शेवटी काउंटरवरचा माणूस म्हणाला, एकच जागा आहे, आणि त्यानं यादीतलं वरचं नाव वाचलं. तिकिटं नवऱ्यानं काढलेली, म्हणजे वरचं नाव त्याचंच.

"मी पुढे होतो, तू ये मागनं. मी बघतो सगळं," तो म्हणाला. ती "अहो, पण" म्हणेपर्यंत दाराच्या आत गेलासुद्धा. वळून हात मात्र केला.

संध्याकाळच्या विमानानं ती पोचली तेव्हा बाबा गेलेले होते. हॉस्पिटलच्या दारात नवरा उभा होता. त्यानं तिचे खांदे धरले आणि म्हणाला, "शेवटी माझ्याशी बोलले गं. म्हणाले, 'जावईबापू, तुम्ही आलात, आता मी सुटलो.'"

पहिल्या वर्षी ती त्याला ते पुन्हापुन्हा सांगायला लावायची आणि रडायची. पुढं तो न विचारता सांगू लागला. पाहुण्यांत, दुकानातल्या लोकांत, एकदा तर तिच्याच साहेबांसमोर. दरवर्षी गोष्टीला काहीतरी नवीन फुटायचं. आधी नुसते शब्द होते, मग बाबांनी त्याचा हात धरला, मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेवटी शेवटी तर बाबांनी मुलीचं नाव घेऊन 'तिला जपा' असंही म्हटलं. ऐकणारे डोळे पुसायचे. ती चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. तिच्या मनात एकच यायचं, की ती जागा माझी होती, ते शब्द माझे होते, आणि या माणसानं ते माझ्या जागेवर बसून स्वतःच्या खिशात घातले.

तेव्हापासून तिकिटं काढणं तिनं आपल्याकडे घेतलं. नवऱ्याला बरंच झालं, त्याला ती कटकट नकोच होती. आणि तेव्हापासून बस असो, सिनेमा असो, विमान असो, प्रत्येक तिकिटावर पहिलं नाव तिचं असे. त्यानं कधी पाहिलं नाही. दारावरच्या पाटीवर तिनं त्याचंच नाव वर राहू दिलं, कारण पाटी पाहून कुणी विमानात बसवत नाही. तिला एवढंच हवं होतं की हा माणूस एकदा, आयुष्यात एकदाच, उशिरा पोचला पाहिजे. कुठं, कुणाकडे, याचा विचार तिनं केला नव्हता. अशा गोष्टींचा विचार करत नाहीत, नाव वर ठेवतात आणि वाट पाहतात.

परवा पहाटे नणंदेचा फोन आला. सासूबाई धाकट्या मुलीकडे राहत, विमानानंच जाता येईल इतक्या लांब. "वहिनी, आईला रात्री आयसीयूत ठेवलंय. डोक्यात रक्तस्राव झालाय म्हणतात. दादाला घेऊन लगेच नीघ."

नवरा पलंगाच्या काठावर बसून ढसाढसा रडला. तिनं त्याला पाणी दिलं आणि तिकिटं काढली. संध्याकाळच्या विमानात दोन जागा होत्या. "आधीचं एक आहे," ती म्हणाली, "त्याला नाव लावू." तो म्हणाला, "लाव, लाव, तुला सगळं सुचतं बघ." खोटं कशाला सांगायचं, त्या क्षणी तिला सासूबाईंसाठी वाईट वाटत होतं. सासूबाईंनी तिला कधी पाण्यात पाहिलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा 'तू वेळेत पोचलीस का गं?' असं विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या. तरी नावं भरताना तिचं बोट थांबलं नाही. पहिलं तिचं, दुसरं त्याचं.

विमानतळावर आधीच्या विमानाच्या दाराशी खुर्च्या भरलेल्या होत्या. भिंतीवरच्या पडद्यावर स्टँडबायची नावं एकाखाली एक दिसत होती. वरची दोघं जोडीनं जाणारी होती, त्यांना जागा मिळाली तशी ती आत गेली. आता पडद्यावर दोनच नावं उरली. नवरा पडद्याकडे पाहत नव्हता. शेजारच्या माणसाला तो आईविषयी सांगत होता, की ती लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन पूर आलेल्या नदीतून कशी आली होती. मुकादमीण ही गोष्ट पूर्वीपासून ऐकत आली होती. पहिल्यांदा त्या गोष्टीत नदी नव्हती, नुसता ओढा होता, आणि पाणी घोट्यापर्यंत होतं.

काउंटरवर गळ्याला स्कार्फ बांधलेली एक मुलगी होती. ती फोनवर बोलली, पडद्याकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली. दोन जागा. नवरा उठून उभाच राहिला. दोन जागा म्हणजे दोघं बरोबर, म्हणजे सगळं फुकट. तेवढ्यात लांबून एक लठ्ठ गृहस्थ बॅग ओढत, धापा टाकत धावत आला आणि तिकीट नाचवत म्हणाला, "थांबा, थांबा, आलो!" त्या मुलीनं त्याला आत सोडलं. त्या घामाघूम माणसाची मुकादमिणीला अशी काही माया आली की त्याच्या शर्टाला तिनं फुकट इस्त्री करून दिली असती.

"सॉरी, आता एकच जागा आहे," मुलगी म्हणाली आणि तिनं वरचं नाव वाचलं.

नवरा पुढे झालाच होता. पाय अडखळला. "माझं नाव आहे ना वर?"

"नाही सर, यांचं आहे."

"हिचं? असं कसं?" मग जरा हसून, सोफा विकताना काढायचा तो आवाज काढून, "बरं, काही हरकत नाही. आम्ही एकच आहोत. मी जातो, ही येईल मागनं."

"तसं चालेल," मुलगी म्हणाली. "दोघांनी ठरवा, पण लवकर. दार बंद करायचंय."

"आमचं ठरलेलं आहे," मुकादमीण म्हणाली. "मी जातेय."

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? आई माझी आहे!"

"हो. आणि बाबा माझे होते."

एवढी वर्षं ती त्याला काय काय ऐकवायचं हे घोकत आली होती. तोंडातून आलं ते एवढंच. त्यानं तिचा दंड धरला आणि "अगं ऐक, हात जोडतो, हे आत्ता नको" म्हणाला. तिनं दंड सोडवून घेतला आणि कागद घेऊन आत गेली. तिनं वळून हातसुद्धा केला नाही.

जागा मधली होती, दोन्हीकडून कोपरं लागत होती. पण इतक्या सुखात ती आजवर कशातच बसली नव्हती. विमान सुटलं तशी तिनं डोळे मिटले आणि तो आता कुठं असेल ते पाहू लागली. त्या खुर्चीत असेल. पडद्यावर आता एकटंच नाव असेल, त्याचं. उठेल, पाणी पिईल, घड्याळ बघेल, पुन्हा बसेल. बस आता. मी बसले होते तसा बस. तिकडे मरणाच्या दारात असलेली म्हातारी आहे आणि आपण इकडे आनंदानं फुगतोय, हे तिला कळत होतं. लाज वाटली का? वाटली. पण ती आनंदाच्या मानानं फारच थोडी होती.

हॉस्पिटलात नणंद गळ्यातच पडली. "वहिनी, बरं झालं आलीस. दादाचा फोन आला होता. म्हणाला, एकच जागा होती, मीच म्हटलं वहिनीला तू पुढे हो. केवढं मोठं मन लागतं गं असं करायला!"

संध्याकाळचं विमान सुटलंही नव्हतं आणि गोष्ट त्याच्या आधी येऊन पोचली होती. दात ओठ खात ती आयसीयूत शिरली.

सासूबाई बारीक झाल्या होत्या. तोंडात नळी, ती गालावर पांढऱ्या चिकटपट्टीनं बसवलेली, बाजूला यंत्र श्वास देत होतं. नणंद रात्रभर जागी होती, तिला मुकादमिणीनं काहीतरी खायला बाहेर पाठवलं. मग खुर्ची ओढून ती जवळ बसली. सासूबाईंचे केस विस्कटले होते, ते तिनं बोटांनी सारखे केले.

"आई, मी आलेय," ती हळू म्हणाली. "त्यांना मुद्दाम मागे ठेवून आलेय. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा."

सिस्टर सलाईन बघायला आली होती. "बोला, बोला," ती म्हणाली. "ऐकू येत असेल कदाचित. त्यांना मात्र बोलता यायचं नाही."

"शुद्ध नाही म्हणून?"

"शुद्ध आली तरी नाही. ही नळी घशातून, स्वरतंतूंच्या मधून खाली जाते. नळी असताना कुणालाच बोलता येत नाही." तिनं गालावरची पट्टी जरा दाबून बसवली. "आणि ह्या पट्टीचा गोंद असा चिवट असतो, नंतर गालावर राहतोच."

सिस्टर गेली. मुकादमीण त्या पट्टीकडे बघत राहिली.

बाबांच्या गालावर गोंद होता. दोन्ही गालांवर, तोंडाच्या कडेला, मळकट चौकोन. त्या संध्याकाळी तिनं रुमाल ओला करून ते पुसले होते, भरवताना काही लागलं असेल म्हणून. निघाले नव्हते. तिनं जोर लावून घासले होते आणि नवरा मागे उभा राहून म्हणाला होता, "राहू दे गं, औषधाचे असतील." बाबा सकाळपासून बेशुद्ध होते, शेजाऱ्यानंच तसं सांगितलं होतं. म्हणजे नळी होती. नवरा पोचला तेव्हाही ती असलीच पाहिजे.

म्हणजे बाबा बोललेच नव्हते.

जावईबापू नाही, सुटलो नाही, तिला जपा नाही. काहीच नाही. ज्या शब्दांसाठी ती इतकी वर्षं जळत राहिली, ते या माणसानं हॉस्पिटलच्या दारात उभं राहून तयार केले होते. तिला बरं वाटावं म्हणून केले असतील, हे तिच्या मनात आलं. पहिल्या दिवशी तसंच असेल. पण मग साहेबांसमोर? दुकानात? दरवर्षी नवा हात, नवे अश्रू? तिच्या बाबांचं मरण त्यानं सोफ्यासारखं विकलं होतं, आणि तिनं ट्रे धरून गिऱ्हाइकांना चहा दिला होता. तिला वाटलं होतं की विमानतळावर राग निवला. तो कुठला निवतो, तो आत्ता कुठं पेटला.

दुपार कलल्यावर यंत्राचा आवाज बदलला. माणसं धावली, तिला पडद्याबाहेर काढलं, नणंद धावत आली. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नुसती मान हलवली. नणंद खाली बसली. मुकादमीणही रडली, खरंखुरं रडली, सासूबाईंसाठी आणि त्या ओल्या रुमालासाठी. मग नळी काढली, चेहरा पुसला आणि सासूबाईंना बाजूच्या लहान खोलीत हलवलं. नणंद आपल्या नवऱ्याबरोबर कागदांवर सह्या करायला खाली गेली.

संध्याकाळचं विमान वेळेत आलं. तो खोलीच्या दारात आला तेव्हा त्याला कळलेलं होतं, कारण तो आत शिरायची घाई करत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो एका दाराबाहेर थांबला होता. चेहरा सुजला होता, शर्ट एका बाजूनं पँटच्या पट्ट्यातून बाहेर आला होता. हेच पाहायला ती इतकी वर्षं थांबली होती. तिनं ते पोटभर पाहून घेतलं.

"काही बोलली?" त्यानं विचारलं. "शेवटी काही बोलली का गं?"

"बोलल्या ना," मुकादमीण म्हणाली.

तो जवळ आला. "काय?"

"डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं. 'तो कुठाय?' म्हणाल्या. मी म्हटलं, येताहेत, संध्याकाळच्या विमानानं. तर म्हणाल्या, 'तो तर नेहमी सगळ्यांच्या आधी येतो. आजच कसा मागं राहिला?' मग पुन्हा दाराकडे बघत राहिल्या. बराच वेळ बघत होत्या."

ती ठामपणे बोलली, एकही सुरकुती पडू न देता. त्याच्या तोंडातून घुसमटल्यासारखा आवाज निघाला. तो पलंगाशी गुडघे टेकून बसला, आईच्या खांद्यात डोकं खुपसून हमसून हमसून रडला, "मी येत होतो गं आई, मी येतच होतो" म्हणत राहिला. ती भिंतीला टेकून उभी होती. तिनं पुढे होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

जरा वेळानं तो शांत झाला. आईचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन गालावरून अंगठा फिरवू लागला. अंगठा तोंडाच्या कडेला आला आणि चिकटला. त्यानं पुन्हा फिरवून पाहिला. वाकून पाहिलं. मग तो सावकाश वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दुःख सरकून दुसरंच काहीतरी यायला लागलं.

"हिच्या तोंडात नळी होती?"

"होती. कालपासून."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग ती बोलली कशी?"

"बाबा बोलले होते," मुकादमीण म्हणाली, "तशाच."